मेलरोजच्या मैदानावर नेणाऱ्या काकूंना

सोलापूर

ती. स्व. काकूंना साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू करता. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. परदेशी शिकायला गेलेल्या पोरीसाठी गावचं माणूस किती करतं, हे आपल्या सोलापुरात कळायला हवं.

स्कॉटलंडमधल्या हेरियट-वॉट विद्यापीठाचा कापडाचा विभाग एडिनबरापासून लांब, गॅलाशील्सला. गाव छोटं, जुन्या लोकरीच्या गिरण्यांचं. खोली ते कॉलेज आणि कॉलेज ते खोली, एवढंच माझं चाललं होतं. त्या शनिवारी तुम्ही हॉस्पिटलातली नाइट ड्यूटी करून आलात आणि "चल गं, झोप काय रोजचीच आहे, आज मेलरोजला रग्बी सेव्हन्स आहे" म्हणत मला बसमध्ये बसवलंत.

तिथल्या ग्रीनयार्ड्स मैदानाच्या बाकावर तुम्ही सगळा खेळ समजावलात. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हातानं पास द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, ५ गुण. एरवी रग्बीत १५ जणांचा संघ आणि ८० मिनिटांचा सामना. सेव्हन्समध्ये तेवढ्याच मैदानात ७ जण आणि ७-७ मिनिटांचे दोन हाफ. "चेंडू बघू नकोस, मोकळी जागा कुठंय ते बघ," म्हणालात. मी तसं बघायला लागले आणि कोण सुटणार हे दोन पास आधीच दिसायला लागलं!

हा प्रकार त्याच गावात निघाला, हेही तुमच्याकडूनच कळलं. १८८३ साली क्लबला पैशांची चणचण होती, तेव्हा नेड हेग नावाच्या खाटकानं सात-सात जणांचे सामने भरवायची कल्पना काढली. तोच खेळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये गेला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आई इकडे काळजीत होती, मारामारीचा खेळ म्हणून. तुम्ही मैदानातूनच व्हिडिओ कॉल लावलात. एवढी धडकाधडकी होऊनही पंचाशी कुणी हुज्जत घालत नाही, बोललाच तर कॅप्टन बोलतो, हे तिला दाखवलंत. ती तेव्हा निर्धास्त झाली ती कायमची.

एप्रिल असूनही गारठा होता. तुम्ही पिशवीतून सोलापुरी चादर काढून दोघींच्या मांडीवर टाकलीत. शेजारच्या आजोबांनी तिचा काठ दोन बोटांत धरून चोळला, उलटून मागची बाजू बघितली. गिरणीत काम केलेला माणूस! तुम्ही त्यांना सांगितलंत, "ही आमच्या गावची, मागवाल्यांच्या घरची." पुढचे दोन सामने आम्ही उभा-आडवा धागा आणि जॅकार्डची नक्षीदार वीण यावरच बोलत होतो. नंतर त्यांनी घरी बोलावून ट्वीडच्या, म्हणजे तिथल्या जाड लोकरी कापडाच्या, जुन्या नमुन्यांच्या वह्या दाखवल्या. माझा अर्धा प्रोजेक्ट त्या वह्यांवर उभा आहे, काकू. तुम्ही ते एक वाक्य बोलला नसता तर मी त्यांच्याशी स्वतःहून बोललेच नसते.

आता मी सोलापूरच्या पूर्व भागात बाबांच्या कारखान्यात टॉवेलची डिझाइनं बघते. यंदा सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला नक्की या आणि आमच्याकडेच उतरा. कडक भाकरी, शेंगा चटणी सगळं आहे. आजोबांसाठी एक चादर वेगळी काढून ठेवलीय, जाताना तेवढी बॅगेत जागा ठेवा.

तुमची लेक