मदतीचा आकडा छापता, पुढचं पण छापा ना

संपादक साहेब, नमस्कार.

कुठं मोठा भूकंप झाला की आठ-दहा दिवस पेपर नुसता भरलेला असतो, कुणी किती विमानं पाठवली, कुणी किती डॉलर जाहीर केले, रेस्क्यू टीमच्या कुत्र्यांचे फोटो, आणि मग एकदम सगळं गायब. खरी भानगड तर त्यानंतर सुरू होते.

नेपाळचंच बघा. २५ एप्रिल २०१५, ७.८ चा भूकंप, जवळपास ९ हजार माणसं गेली, पाच लाखांच्या वर घरं पडली. आपलं ऑपरेशन मैत्री, म्हणजे आपल्या लष्कराची बचाव आणि मदत मोहीम, लगेच सुरू झालं, ते चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण काठमांडूच्या एअरपोर्टला रनवे एकच, सगळ्या जगाची विमानं तिथंच येणार, शेवटी रनवे खराब व्हायला लागला म्हणून मोठ्या विमानांना बंदी घालावी लागली, त्यात आलेला माल कस्टममध्ये अडकतोय म्हणून यूएनवाल्यांनी जाहीर तक्रार केली. (आपल्या चॅनलवाल्यांनी तिथं जाऊन जो तमाशा केला त्यावर नेपाळी लोकांनी ट्विटरवर 'गो होम इंडियन मीडिया' ट्रेंड केलं, ते वेगळंच.)

मग २५ जूनला काठमांडूत देणगीदार देशांची परिषद झाली, ४.४ अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली. केवढी मोठी हेडलाइन! त्यात भारताचे १ अब्ज, पण त्यातला चौथा हिस्साच अनुदान होतं, बाकीचं कर्ज. हे किती जणांना माहितीय? आणि हा पैसा ज्यांनी वापरायचा त्या पुनर्निर्माण प्राधिकरणाला पक्का प्रमुख मिळाला डिसेंबरच्या शेवटी, म्हणजे आठ महिने गेले राजकारणात. तोवर पावसाळा पत्र्याखाली निघाला, सप्टेंबरपासून सीमेवर नाकाबंदी, नेपाळ म्हणतं भारताने केली, आपलं सरकार म्हणतं आम्ही नाही केली, पण डिझेल, गॅस, औषधं अडकली ती अडकलीच, आणि वर डोंगरातली थंडी.

घरासाठी सरकारी अनुदान आधी २ लाख नेपाळी रुपये होतं, मग ३ लाख केलं, तेही तीन हप्त्यांत. पहिले ५० हजार घ्या, पाया बांधा, इंजिनिअर येऊन बघणार, पास झालं तर पुढचा हप्ता. नियम चुकीचा नाही, परत घर पडू नये म्हणूनच तो होता. पण डोंगरातल्या गावात इंजिनिअर कधी पोचणार, आणि वाळू-सिमेंट वर न्यायचा खर्च त्या ३ लाखांत कसा बसणार? घरातले तरुण पोरं कतार-मलेशियाला, बांधायला माणूस नाही, म्हणून लोकांनी सावकाराकडून पैसे उचलले. ज्यांच्याकडे लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद, नव्हता त्यांना तर यादीत यायलाच मारामार.

सगळं वाईटच झालं असं नाही म्हणत मी. गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत भारताच्या मदतीने ५० हजार घरं उभी राहिली, घरमालकांनी स्वतः बांधली, देखरेखीला माणसं होती. मला वाटतं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं. पण ते पूर्ण व्हायला २०२१ उजाडलं आणि तोवर कुणाचा कॅमेरा तिकडं नव्हता.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी मदतीचा आकडा छापाल तेव्हा त्यात कर्ज किती, अनुदान किती हे पण लिहा, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने त्यातलं किती खरंच पोचलं त्याची बातमी करा, आतल्या पानावर दिली तरी चालेल.

आपला एक नियमित वाचक