तीन संगणक आणि एक टेसरॅक्ट : अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपले नाव कुठेही येऊ देऊ नये असे आपण बजावलेत, म्हणून हे पत्र बिननावाचे आहे. आभार मात्र उघडपणे मानायचे असे मी त्याच आठवड्यात ठरवले होते, कारण ज्या अडचणींतून आपण मला बाहेर काढलेत त्या माझ्या एकटीच्या नाहीत. मूळ सोर्स कोडवरून, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखकांनी लिहिलेल्या मजकुरावरून, एखादा प्रोग्रॅम कंपाइल करायला, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायला, बसलेला प्रत्येक नवखा माणूस त्यांपैकी एकीत तरी अडकतोच.

आमच्या तालुका वाचनालयाकडे जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन केलेले अंक आहेत, पण ती नुसती चित्रे असल्यामुळे त्यांत शब्द शोधता येत नाही. चित्रातला मजकूर वाचणारा टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्रॅम त्यासाठी हवा होता. मूळचा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलेला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झालेला हा प्रोग्रॅम २०१८ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कच्या (उदाहरणांवरून शिकणाऱ्या पद्धतीच्या) साहाय्याने अख्खी ओळ एकत्र वाचतो, आणि जोडाक्षरांनी गच्च भरलेल्या आपल्या लिपीला तेच सोयीचे आहे. आमच्या संगणकावरच्या उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर मात्र ४.१.१ ही आवृत्ती मिळत होती, कार्यालयातल्या विंडोजवर कोणीतरी पाचवी टाकून ठेवली होती, आणि माझ्या मुलीच्या मॅकवर काहीच नव्हते. एकाच पानाचे दोन ठिकाणी दोन वेगळे मजकूर निघू लागले, तेव्हा तिन्ही संगणकांवर एकच आवृत्ती स्वतः कंपाइल करण्याचे मी मनावर घेतले. ते किती जड जाईल याची कल्पना असती तर कदाचित घेतले नसते.

पहिला अडथळा अगदी दारातच आला. वाचनालयात इंटरनेट रडतखडत चालते, म्हणून मी सोर्स कोड विंडोजवर उतरवून, उलगडून, पेनड्राइव्हने उबुंटूवर आणला आणि तिथूनच ऑटोजेनची (कंपाइलची पूर्वतयारी करणारी) स्क्रिप्ट चालवायला गेले, तर उत्तर आले, ‘परवानगी नाही’. परवानगी बदलण्याची आज्ञा देऊनही काही हलेना. पेनड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या फॅट पद्धतीत ‘ही फाइल चालवता येते’ अशी खूण साठवण्याची सोयच नसते, हे आपण पहिल्याच फोनवर सांगितलेत, आणि मूळ टार गठ्ठा (सगळ्या फाइली एकत्र बांधलेली फाइल) न फोडता आणून होम फोल्डरमध्ये उलगडायला लावलात.

त्यानंतर लागणारे सगळे यंत्रावर आहे का हे तपासणारे कॉन्फिगर थांबले : लेप्टोनिका १.७४ किंवा त्याहून वरची हवी. चित्रे हाताळणारी ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) यंत्रावर होती, ती १.८२ होती, आणि मी दोन संध्याकाळी तिच्याशी भांडत बसले होते. तेव्हा आपण विचारलेत, ‘‘तुमच्याकडे पुस्तक कपाटात आहे, पण सूचीपत्र नसेल, तर नवा कर्मचारी ते कसे काढील?’’ चालू प्रोग्रॅमला नुसती लायब्ररी पुरते. कंपाइल करणाऱ्या कंपाइलरला मात्र तिच्यात कोणती फंक्शने (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) आहेत हे सांगणाऱ्या हेडर फाइली लागतात, आणि उबुंटूत त्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेल्या वेगळ्या पॅकेजात येतात. ग्रंथपालाला याहून नेमके उदाहरण कोणी दिले नसते.

पुढची फजिती सर्वस्वी माझी. काम लवकर व्हावे म्हणून मी कंपाइल सुरू करणाऱ्या ‘मेक’ या आज्ञेपुढे ‘जे’ (एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची खूण) लावला आणि त्याच्यापुढे आकडा लिहायला विसरले. आकडा नसला की मेक एकाच वेळी शक्य तितक्या फाइली कंपाइलरच्या अंगावर सोडते, हे मला कुठे ठाऊक! चार जीबी मेमरीचे ते बिचारे यंत्र माउसही हलवू देईना, आणि शेवटी पडद्यावर उरली ती कंपाइलर मारला गेल्याची ओळ. ती ओळ मी आपल्याला वाचून दाखवली, तेव्हा आपण म्हणालात, ‘‘शेवटची नको, पहिली चूक वाचा. ‘जे’ काढून टाका, म्हणजे ओळी एकमेकींत मिसळणार नाहीत. मग वर सरकत जा.’’ गेल्या तीन महिन्यांत या एका सूचनेने माझे जितके तास वाचवले तितके कोणत्याही लिखित मार्गदर्शनाने वाचवलेले नाहीत.

तयार प्रोग्रॅम जागेवर बसवणारे मेक इन्स्टॉल झाल्यावरही प्रोग्रॅमला स्वतःचीच लायब्ररी सापडेना. त्यावर एलडी-कॉन्फिग (लायब्ररींची नोंद ताजी करणारी आज्ञा) हा एका ओळीचा उतारा निघाला. मग मराठी भाषेची डेटा फाइल वेगळी आणून ठेवावी लागली, कारण सोर्सबरोबर ती येत नाही. उबुंटू इथे संपले.

मॅकवर वेगळाच प्रकार घडला. कंपाइल बिनतक्रार झाले, पण कॉन्फिगरच्या शेवटी ‘प्रशिक्षणाची साधने तयार होणार नाहीत’ असा इशारा आला होता आणि मी तो नजरेआड केला होता. आमच्या मासिकांच्या टाइपावर पुढे कधी टेसरॅक्टला प्रशिक्षण द्यायचे तर तीच साधने लागणार, हे आपल्या लक्षात आले. त्यांना लागणारी आयसीयू ही निरनिराळ्या लिप्या हाताळणारी लायब्ररी मी होमब्रू या मॅकवर मुक्त प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनावरून घेतलेली होती. परंतु मॅकमध्ये त्याच नावाची एक आधीपासून असल्यामुळे होमब्रू आपली प्रत मुद्दाम बाजूला ठेवते आणि तिचा पत्ता लायब्ररी शोधून देणाऱ्या पॅकेज-कॉन्फिगला आपणच द्यावा लागतो. मी दिलेला पत्ता ‘यूएसआर-लोकल’चा, म्हणजे जुन्या इंटेल मॅकचा होता, एम-वन चिपच्या मॅकवर होमब्रू ‘ऑप्ट’खाली राहते. जुन्या सूचना निमूटपणे उतरवून घेण्याचा हा परिणाम, आणि तो सांगताना आपण हसला नाहीत याबद्दल वेगळे आभार.

विंडोजबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण आठवले तरी डोके दुखते. तयार इन्स्टॉलर मिळत असताना हा अट्टहास कशाला, असे आपणही एकदा विचारलेत. विंडोजवर कंपाइल करण्याची साधने देणारे एमसिस-टू टाकल्यावर त्याच्या अनेक खिडक्यांपैकी मी नेमकी चुकीची, जांभळ्या चिन्हाची उघडत होते. आपण यूसीआरटी-६४ची उघडायला सांगितल्यावर कंपाइलर सापडला. तयार झालेला प्रोग्रॅम त्या खिडकीत चाले आणि बाहेर डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) हरवल्याची तक्रार करी. त्या डीएलएल फाइलींचे फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये (फाइली जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) घालायचे असते, हे समजावताना रात्रीचे साडेदहा वाजले होते, आणि आपल्या घरी पानावर बोलावल्याची हाक मला फोनवर ऐकू आली होती. त्या खोळंब्याबद्दल आपल्या घरच्यांची मी क्षमा मागते.

तयार प्रोग्रॅम पाठवून देणे आपल्याला पाच मिनिटांचे काम होते. ते न करता आपण प्रत्येक आज्ञा मला टाइप करायला लावलीत आणि ती काय करते हे माझ्याकडून वदवून घेतलेत. तेव्हा मनातून थोडा राग आला होता, तो आता कबूल करते. मागच्या महिन्यात उबुंटू नव्याने टाकावे लागले, तेव्हा मी या आज्ञा लिहून ठेवलेली वही उघडून एकटीने दुपारच्या जेवणाआधी सगळे पुन्हा उभे केले.

पहिल्या पानाच्या मजकुरात ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘दुस-या’ असा निघत होता. ते पान आता तिन्ही यंत्रांवर सारखेच वाचले जाते, आणि ‘दुसऱ्या’ अजूनही तिन्हींवर सारखाच चुकतो. पुढच्या फोनचा विषय तोच असेल. वहीच्या सोळा पानांची छायाप्रत आपल्या पत्त्यावर टपालाने पाठवली आहे. त्यात चुका सापडल्यास लाल शाईने खूण करून परत पाठवावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एका तालुका वाचनालयाची ग्रंथपाल