मॅडम, पेन्सिल आईच्या हातात दिलीत त्याबद्दल

मॅडम, मेसेज टाकून भागलं असतं, थँक्यू आणि खाली दोन हात जोडलेले, पण तेवढ्याने माझं समाधान होईना म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही आईच्या पैशांच्या सल्लागार, एवढंच सांगते, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये.

बाबा गेले आणि त्यांच्या विम्याची, साठवलेली अशी सगळी रक्कम आईच्या खात्यात जमा झाली, आणि काय सांगू, लोकांना एकदम आमची आठवण यायला लागली. इतकी वर्षं ढुंकून न बघितलेले नातेवाईक पॉलिसीच्या फाइली घेऊन दारात. बँकेतला तो रिलेशनशिप मॅनेजर तर घरीच आला. गोड बोलायचा, पण बोलायचा कुणाशी तर दादाशी. पैसे आईचे, सही आईची आणि संभाषण दादाशी! आईने मधेच विचारलं, "यात पैसे अडकून पडतात का हो?" तर यांनी दादाकडेच बघून उत्तर दिलं, "सर, लाँग टर्ममधे खूप बेनिफिट आहे." त्यानंतर आई एवढंच विचारायची, सही कुठे करू. मला तेव्हा काय वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादाला कसलीच घाई नसते, नेहमी त्यावरून बोलणी खातो, यावेळी त्यामुळेच वाचलो.

मग तुम्ही. फी किती ते आधीच सांगितलंत, कुठल्याच स्कीमचं कमिशन घेत नाही हेही सांगितलंत, ते चांगलंच. पण माझ्या मनात बसलंय ते वेगळं. दादाने सवयीने फाइल उघडून बोलायला सुरुवात केली, तुम्ही त्याचं ऐकून घेतलंत, आणि मग त्या मॅनेजरच्या स्कीमच्या माहितीपत्रकाचा कागद फिरवून आईसमोर सरकवलात, हातातली पेन्सिल तिला दिलीत आणि म्हणालात, "काकू, आकडे तुम्ही मांडा, मी नुसती सांगते."

आई म्हणाली मला नाही हो जमायचं. तुम्ही आग्रह नाही केलात, समजावलं नाहीत, नुसत्या थांबलात. ते थांबणं! आमच्यापैकी कोणी तिच्यासाठी तेवढं थांबलं नव्हतं, अगदी मी पण नाही.

कागदावर मोठ्या अक्षरात होतं, 15 वर्षांत रक्कम दुप्पट. तुम्ही म्हणालात 72 ला 15 ने भागा, साधारण व्याजदर निघतो. आईने कडेला भागाकार मांडला, हातचे वगैरे लिहून, 4.8 आलं. तिने परत करून बघितलं. "म्हणजे वर्षाला पाच टक्केसुद्धा नाहीत?" मग तुम्ही म्हणालात, आता महागाई 6 टक्के धरा आणि तसंच भागा. 12 वर्षं आली. आई जरा वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे पैसे दुप्पट व्हायच्या आधी खर्चच दुप्पट होणार की. आणि तेव्हा मी 83 ची असेन, तोवर काय नुसती पावती बघत बसू?" बाबा गेल्यावर त्या टेबलाशी आम्ही पहिल्यांदा हसलो असू.

त्यात विमा पण होता म्हणे. तुम्ही सरळ विचारलंत, काकू, तुमच्या कमाईवर आता कोण अवलंबून आहे? कोणी नाही, आम्ही दोघं कमावतो. मग विमा कोणासाठी! इतका साधा प्रश्न त्या सगळ्या सूटबूटवाल्यांपैकी एकालाही सुचला नाही, किंवा सुचला असेल आणि गिळला असेल, मला दुसरंच खरं वाटतं.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. वर्षभराचा खर्च हाताशी, बाकीच्याच्या एफडी अशा की दरवर्षी एक मोकळी होईल, आणि दहाएक वर्षं लागणार नाही एवढाच छोटा भाग इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निवडत न बसता सगळ्या बाजाराबरोबर चालणाऱ्या फंडात. त्यात खालीवर होणार, एखाद्या वर्षी चांगलाच खाली जाईल, हेही तुम्ही तिच्याकडूनच वदवून घेतलंत. जॉन बोगलची गोष्ट तिला फार आवडली, 1976 मधे त्याने सामान्य लोकांसाठी इंडेक्स फंड काढला तेव्हा बाजारातल्या शहाण्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं, ती. दादाला मात्र 1 टक्क्याचं गणित लागलं. 25 वर्षं 10 टक्क्याने वाढलं तर एकाचे जवळजवळ 10.8 होतात, आणि फंडाच्या खर्चापोटी दरवर्षी 1 टक्का जाऊन 9 ने वाढलं तर 8.6, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. तेव्हापासून तो स्वतःच्या फंडांचे खर्च उकरत बसलाय, वहिनी वैतागलीये.

मॅडम, पैशातलं कळणारी माणसं पुष्कळ भेटली आम्हाला. समोरच्याला कळायला पाहिजे असं वाटणारी तुम्ही एकट्या. अडाण्याला अडाणी ठेवण्यातच ज्यांचा धंदा आहे त्यांच्यात बसून असं वागायचं म्हणजे रोज थोडं नुकसान सोसत असणार तुम्ही, आणि ते कुणी बघत पण नाही. म्हणून हे जाहीर.

त्या मॅनेजरचा परवा पुन्हा फोन आला, दादाला, अर्थातच. दादाने फोन आईकडे दिला. तिने विचारलं, "पूर्ण मुदतीचा वर्षाला खरा दर किती पडतो ते लेखी द्याल का?" बघून सांगतो म्हणाला, अजून बघतोच आहे.

पहिली एफडी मोकळी झाली की आईच तुम्हाला फोन करणार आहे, माझ्याकडून नंबर घेतलाय. वहीत प्रश्न लिहून ठेवलेत, तेव्हा जरा निवांत वेळ काढून ठेवा. दादाच्याही दोन शंका आहेत, पण त्याला सांगितलंय, आधी आईला विचार.