ताई, तुम्ही अण्णांना विचारलंत

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. फोनवर विचारलं तेव्हा तुम्हीच नको म्हणालात. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत, कारण त्याआधीचा अपमानही चारचौघांतच झाला होता.

माझे वडील पाथरवट. मूळचे जुन्नर तालुक्यातले, पण सगळा जन्म पुण्यात गेला. पाटे-वरवंटे, जाती, खलबत्ते घडवले आणि पेठांच्या गल्ल्यांतून ‘पाट्याला टाकी’ अशी हाळी देत फिरले. घरोघरी मिक्सर आले तशी त्या हाळीला दारं उघडेनाशी झाली. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत टाकी, छिन्नी, हातोडी आणि फडक्यात बांधलेला एक दगड असायचा. तरुणपणी कुकडीच्या काठची दरड ढासळली होती, तिथे त्यांना तो मिळाला होता. तळहाताएवढा, बदामासारखा निमुळता, दोन्ही अंगांनी कपच्या उडवलेला. आम्ही लहान होतो तेव्हापासून अण्णा एकच सांगायचे, “ह्यो आपसूक न्हाई फुटला. कुनीतरी घडवलाय.”

दोन वर्षांत तो दगड घेऊन आम्ही तीन जाणकारांकडे गेलो. एकाने फोनवरची नजरही न काढता “खडीतला तुकडा आहे” म्हटलं. दुसऱ्याने फोटो पाठवायला सांगितलं, पुढे उत्तर नाही. तिसऱ्या ठिकाणी अण्णा दाराशी गाठोडं धरून उभे राहिले. आत खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी कुणी बसा म्हणालं नाही. “बाबा, हा अभ्यासाचा विषय आहे, तुमचं काम नाही,” हे वाक्य पाच-सहा माणसांसमोर ऐकून आम्ही परतलो. बसमध्ये अण्णा एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसानंतर दगड पिशवीतून निघून माळ्यावर गेला.

परवा तुमच्याकडे आलो तेव्हा अण्णा यायलाच तयार नव्हते. तुम्ही अंगणात गोणपाट अंथरून पुराश्मयुगातली, म्हणजे आदिमानवाच्या काळातली दगडी हत्यारं कशी घडवत ते मुलांना दाखवत होतात. आम्हाला पाहून हातातलं काम थांबवलंत, आधी पाणी दिलंत. दगड दोन्ही हातांनी घेतलात, उन्हाकडे तिरपा धरलात आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, “हातकुऱ्हाड आहे. बाबा, इतकी वर्षं जपलीत.”

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. तुम्ही गोणपाटावर सरकून जागा केलीत, नदीतला गोल गोटा, तुमचा हातोडा, अण्णांच्या हातात ठेवलात, समोर एक काळा दगड ठेवलात आणि विचारलंत, “बाबा, तुम्ही सांगा. पहिला घाव कुठे घालाल?”

ताई, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना दगडाबद्दल आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. सांगितलं मात्र सगळ्यांनी. किती खोल टाकी लाव, किती पैसे घे, कुठे बस.

अण्णांनी घाव घातलाच नाही. आधी दगड कानाजवळ नेऊन गोट्याने हलकेच वाजवला. एका बाजूने खणखणीत, दुसऱ्या बाजूने बद्द. “हितं आत भेग हाय, इकडून धरू नगा,” म्हणाले. तुम्ही मुलांना म्हणालात, आम्हीही दगड निवडताना हेच करतो, पण इतका बारीक फरक मला ऐकू आला नसता.

त्यांचा पहिला घाव मात्र चुकला. टाकीच्या सवयीने त्यांनी सरळ खाली मारलं आणि कडेचा नुसता भुगा झाला. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दगडाने कड घासून बळकट केलीत, दगड त्यांच्या हातात थोडा तिरका केलात आणि कोन काटकोनाहून कमी ठेवायला सांगितलंत. पुढच्या घावाला कपची सुटून तुमच्या तळहातात पडली. तिच्यावर घावाच्या खाली छोटासा फुगवटा होता आणि त्याच्यापुढे तळ्यात खडा टाकल्यासारखे तरंग. अण्णांनी फडकं सोडून आपला दगड काढला आणि त्यावरचे खोलगट वण अंगठ्याने चाचपले. तिथून निघालेल्या कपच्यांचे फुगवटे कुठे बसले असतील, ते त्यांना बोटांनीच कळलं. “ह्यानंबी असंच मारलं असंल,” म्हणाले. ‘ह्यानं’ म्हणजे तो हजारो वर्षांपूर्वीचा कारागीर. जणू दोन गल्ल्या पलीकडे राहणारा कुणी.

किती जुना, हे त्यांनी विचारलं. तुम्ही उगाच एखादा आकडा फेकला नाहीत. कुकडीकाठच्या बोरी गावात हत्यारांबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला आणि त्या राखेच्या वयावरून अभ्यासक भांडत आले. कुणी ती 14 लाख वर्षांपूर्वीची म्हणतं, कुणी 6 लाख 70 हजार, कुणी सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे 75 हजार वर्षांची. हे सगळं अक्षरही फारसं न शिकलेल्या माणसाला तुम्ही जसंच्या तसं सांगितलंत. अण्णांचा दगड जागेवरून उचललेला, त्यामुळे तो कुठल्या थरातला हे आता ठरवता येणार नाही, हेही लपवलं नाहीत. त्यांचा चेहरा पडलेला पाहून लगेच म्हणालात, “पण दरड कुठली ते तुम्हाला आठवतंय. तेच आम्हाला हवं असतं.” पुढे काही दिसलं तर उचलू नका, फोटो काढा आणि कळवा, एवढंच बजावलंत.

ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला सापडलेलं हत्यारही मुरमाच्या खड्ड्यातलंच, हे तुमच्याकडून कळलं. ‘खडीतला तुकडा’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांसारख्यांनी प्रवरेचे, गोदावरीचे काठ पायाखाली घातले ते याच पुण्यातून. त्याच पुण्यात म्हाताऱ्या माणसाला बसा म्हणायला कुणाची जीभ उचलू नये, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. ज्ञान असणं वेगळं आणि दारात आलेल्याला माणूस समजणं वेगळं. तुमच्याकडे दोन्ही एकत्र पाहिलं म्हणून हे लिहायला बसले.

निघताना तुम्ही गोणपाटावरच्या सगळ्या कपच्या वेचून पुडीत भरल्यात. आजच्या कपच्या उद्या कुणाला जुन्या वाटायला नकोत म्हणून तसं करावं लागतं, म्हणालात. वर चिठ्ठी लावलीत. त्यावर तारीख, अण्णांचं पूर्ण नाव आणि खाली ‘पाथरवट’. ती चिठ्ठी मी त्यांना दोनदा वाचून दाखवली.

अण्णांचा निरोप आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला आजीचा पाटा गुळगुळीत झालाय, हे त्यांनी पाणी प्यायला आत आले तेव्हाच पाहिलंय. रविवारी सकाळी टाकी घेऊन येताहेत. पाटा धुऊन, वाळवून ठेवा, आणि पैशांचं विचारू नका.

तुमची,
अण्णांची मुलगी