माकडतापाची लस आणि कीटकपेशी

महोदय,
सिंधुदुर्गात २०१६पासून माकडताप ठाण मांडून आहे. गोचिडीतून येणाऱ्या या विषाणूचे जनुकविरहित, निरुपद्रवी कण कीटकपेशींत घडवता येतात; लशीसाठी या वाटेचा गांभीर्याने विचार व्हावा.

प्री-एम आणि ई ही विषाणूच्या बाह्य आवरणातली दोन प्रथिने एकाच बॅक्युलोव्हायरसमधून (कीटकांना बाधणारा, जनुके पेशीत नेण्यासाठी वापरला जाणारा विषाणू) एसएफ-९ या पतंगापासून मिळवलेल्या पेशींत २७ अंश सेल्सिअसवर तयार करायची. ई एकटे घेतले तर त्याची घडी नीट बसत नाही. प्री-एमच्या आधीचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला वाट दाखवणारा छोटा तुकडा) गाळला तर प्रथिन पेशीबाहेर नेणाऱ्या स्रावमार्गात शिरतच नाही.

खरी गोम सामूत (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) आहे. या पेशींच्या माध्यमाचा सामू ६.२ ते ६.४ असतो. पेशीतल्या फ्युरिन या विकराने प्री-एम कापले की ई उघडे पडते आणि एवढ्या आम्लतेतही कायमचे आकार बदलू शकते. मग उत्पादन भरपूर दिसते, पण योग्य प्रतिपिंडे त्याला चिकटत नाहीत. म्हणून पेशी फुटण्याआधी, बॅक्युलोव्हायरस घातल्यापासून साधारण तिसऱ्या दिवशी, द्रव काढून सामू लगेच ८पर्यंत न्यावा.

शेवटी सुक्रोजच्या (साखरेच्या) द्रावणाच्या थरांवर वेगाने फिरवून (सेंट्रिफ्यूज करून) कण वेगळे करणे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ३० नॅनोमीटरचे गोल कण हवेत. लांब काड्या दिसल्या तर बॅक्युलोव्हायरस उरला आहे, शुद्धीकरण पुन्हा करावे.

– एक वाचक, पुणे