जुन्या वॉटर राइड्सना रंग नको, तपासणी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या रिसॉर्ट आणि वॉटर पार्कमध्ये रंगाचे डबे उघडतात. फिकट पडलेली घसरगुंडी आठवडाभरात नवी दिसू लागते. आमचा आक्षेप नेमका या रंगावर आहे. त्याखाली चिरा, फोड आणि सुटलेले सांधे झाकले जातात आणि खरी दुरुस्ती आणखी एक हंगाम पुढे ढकलली जाते.

मुंबईत एस्सेल वर्ल्ड 1989 साली, वॉटर किंगडम 1998 साली आणि बेंगळुरूचे वंडरला 2005 साली सुरू झाले. त्यानंतर महामार्गालगत लहान-मोठे पार्क उभे राहत गेले. त्या काळातल्या राइड्स आता वीस वर्षांच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेल्या आहेत. त्या सरसकट मोडाव्यात असे आम्ही म्हणत नाही. राइडचे सगळे भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. फायबर, लोखंडी मनोरा, पंप आणि कंट्रोल पॅनेल या चौघांचे आयुष्य वेगवेगळे असते, म्हणून निकालही वेगवेगळा लावावा लागतो.

फायबरपासून सुरुवात करू. वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत संरक्षक थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. उन्हाने तो मरतो, हात फिरवला की पांढरी पावडर लागते, पुढे बारीक चिरा पडतात. चिरांतून पाणी आत गेले की थरांमध्ये फोड धरतात आणि काचेच्या धाग्यांची मॅट तिला धरून ठेवणाऱ्या रेझिनपासून सुटते. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. नाण्याने ठोकत जावे. टणक आवाज आला तर भाग घट्ट आहे, बद्द आवाज आला तर आत थर सुटले आहेत. बद्द जागेला खडूने वर्तुळ करावे. मग सुती कापड घसरण्याच्या दिशेने सांध्यांवरून ओढावे. जिथे धागा अडकतो तिथे मुलांची टाच आणि पाठ कापते. दोन तुकड्यांच्या सांध्यात खालच्या तुकड्याची कड वरच्यापेक्षा किंचितही उंच असता कामा नये. बोल्ट ढिले झाले किंवा सीलंट सुकले की हीच कड वर येते.

दुरुस्ती करताना खराब भाग ग्राइंडरने उतार देत घासावा लागतो. उताराची लांबी जाडीच्या बारा पट धरावी, म्हणजे 6 मिलिमीटरच्या घसरगुंडीला चहूबाजूंनी सुमारे 72 मिलिमीटर. इतके घासायचे कष्ट टाळून वरून नुसती एक मॅट चिकटवली तर ती पहिल्या उन्हाळ्यातच कडेने सुटते. पाण्यातल्या कामाला साधे रेझिन न वापरता आयसोप्थॅलिक रेझिन घ्यावे आणि एका किलोला 10 ते 15 ग्रॅम हार्डनर टाकावा. एक इशारा द्यायलाच हवा. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारा द्रव) कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण कालवावा, त्यानंतरच हार्डनर टाकावा.

आता मूळ अडचण. फायबरच्या कामाला कोरडी हवा आणि 15 अंशांच्या वरचे तापमान लागते. खानापूरच्या पावसाळ्यात लावलेली मॅट ओल धरते. मार्च-एप्रिलच्या घाईत लावलेल्या रेझिनला पुरेसे पिकायला वेळ मिळत नाही, कारण हाताने केलेल्या कामाला पाणी सोडण्याआधी साधारण आठवडाभर मोकळे ठेवलेले बरे. उरतात नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने. त्यातही आपल्याकडच्या पहाटा गार असतात, म्हणून सकाळी अकरा ते दुपारी चार हीच कामाची वेळ. नेमक्या याच महिन्यांत शाळांच्या सहली येतात, म्हणून मालक काम टाळतात. यावर उपाय आहे. सगळा पार्क बंद ठेवायची गरज नाही, एका वेळी एकच घसरगुंडी बंद करावी. जून ते सप्टेंबर हे महिने पंप, गिअरबॉक्स, तराफे वर नेणारे पट्टे आणि पॅनेल उघडायला योग्य. हे वेळापत्रक पाळले तर एप्रिलमध्ये रंगाची धावपळ करावीच लागणार नाही.

पंपाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण जीव जाण्याचा धोका तिथे जास्त आहे. ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्ड पार्कमध्ये 25 ऑक्टोबर 2016 रोजी रॅपिड राइडवर चौघांचा मृत्यू झाला. राइड 1986 सालची होती. एक मोठा पंप बंद पडला, पाण्याची पातळी झपाट्याने उतरली, एक तराफा खालच्या आधारावर टेकून अडकला आणि पट्ट्यावरून मागून आलेला तराफा त्याला धडकला. तोच पंप त्या दिवशी आधी दोनदा बंद पडला होता. पाणी उतरताच राइड आपोआप थांबवणारी सोय नव्हती, सगळे एका बटणाने बंद करता येत नव्हते. 2020 मध्ये कंपनीला 36 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. एवढे होऊनही जिथे पाणी किती आहे हे कर्मचारी नुसत्या नजरेने ठरवतात, अशा जुन्या राइड्सकडे आपण निवांतपणे पाहतो, याची आम्हाला खरी चिंता वाटते.

इलाज अवघड नाही. टाकीत पातळी मोजणारे दोन स्वतंत्र सेन्सर बसवावेत. त्यांची वायरिंग अशी करावी की वायर तुटली तरी राइड थांबलीच पाहिजे. पंपाच्या मोटरला करंट रिले (वीजप्रवाहावर लक्ष ठेवणारा स्विच) लावून तो पट्ट्याच्या कॉन्टॅक्टरशी, म्हणजे पट्ट्याची मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचशी जोडावा, म्हणजे पंप ट्रिप होताच पट्टा उभा राहील. हेस्कॉमची वीज जाऊन परत आली की पट्टा आपोआप सुरू होता कामा नये, कर्मचाऱ्याने राइडभर फिरून पाहिल्यावरच हाताने रिसेट करावे. चढायच्या आणि उतरायच्या दोन्ही जागी लाल बटण हवे. ते रोज सकाळी रिकाम्या राइडवर दाबून पाहावे. पाण्याजवळच्या दिव्यांना आणि सॉकेटना 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावावा. तलावाच्या तळाची पाणी ओढून घेणारी सक्शन जाळी एकटी कधीच नसावी. किमान 3 फूट अंतरावर दोन जाळ्या एकाच पाइपला जोडाव्यात, म्हणजे एकीवर मूल टेकले तरी ओढ दुसरीकडून निघून जाते.

जुन्या पंपाने वीज किती वाया जाते तेही पाहा. सेकंदाला 500 लिटर पाणी 5 मीटर चढवायचे असेल तर पाण्याला प्रत्यक्षात सुमारे 24.5 किलोवॅट लागतात. पंपाची कार्यक्षमता 75 टक्के असेल तर 33 किलोवॅट ओढले जातात. इम्पेलर (पाणी फेकणारे चाक) आणि त्याभोवतीची वेअर रिंग झिजून ती 55 टक्क्यांवर आली की तेच काम 45 किलोवॅटला पडते. दिवसाला आठ तास धरले तर हा फरक जवळपास 95 युनिटांचा आहे. हे कास्टिंग आणि मशिनिंग आमच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात होते, बाहेरून पंप मागवायची गरज नाही.

पाण्याची गळतीही मोजून ठरवावी. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर ठेवावी, बादलीतली आणि तलावातली पातळी खुणा करून 24 तासांनी पाहावी. दोन्ही सारखी उतरली तर बाष्पीभवन, तलावाची जास्त उतरली तर गळती. राकसकोप जलाशयावर बेळगाव शहराची तहान भागते त्या भागात गळका तलाव टँकरने भरत राहणे चुकीचे आहे. अथणी-रायबागकडे बोअरचे पाणी जड आहे, तिथे घसरगुंडीवर क्षारांचा खरखरीत थर बसतो. तो काढायला कडक ॲसिड वापरले तर जेलकोट जातो आणि बोल्ट गंजतात.

लोखंडाचे थोडक्यात. गंज मनोऱ्याच्या बेसप्लेटखाली आणि पायऱ्यांच्या वेल्डिंगवर लपतो. तिथे अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजून मूळ आकड्याशी ताडावी. क्लोरीनच्या पाण्यात 304 स्टेनलेसचे बोल्ट टिकत नाहीत, 316 वापरावेत. लॉग फ्लूमची (ओंडक्याच्या आकाराच्या होडीतून पाण्यावर घसरण्याची राइड) साखळी 2 ते 3 टक्के लांबली की बदलावी.

भविष्य असे ठरावे. मनोरा आणि फायबर तपासणीत उतरले तर राइड टिकवावी, पंप-पॅनेल नवे बसवावे. डिस्नेलँडने 1989 सालचा स्प्लॅश माउंटन 2023 मध्ये बंद केला आणि पाण्याचा मार्ग तोच ठेवून 2024 मध्ये नव्या रूपात सुरू केला. मनोराच गेला असेल तर राइड मोडावी, नुसत्या रंगाने तिचे आयुष्य वाढत नाही.

परवाना देणाऱ्या यंत्रणेला आमची एकच विनंती आहे. प्रत्येक राइडसमोर तीन तारखा लिहिलेला फलक सक्तीचा करावा: जाडी तपासणी, पाणी उतरताच राइड थांबते का याची पातळी-ट्रिप चाचणी, फायबर तपासणी. राइड्सच्या तपासणीसाठी आयएसओ 17842 चा तिसरा भाग आणि घसरगुंड्यांसाठी युरोपचे ईएन 1069 मानक आधाराला आहेतच. शिवाय मोडलेल्या घसरगुंड्या बाजारात वापरलेल्या म्हणून विकल्या जातात. ड्रॉइंग आणि जाडीच्या नोंदींशिवाय ही विक्री थांबवावी. न विकता येणारे फायबर जाळू नये, ते वितळून पुन्हा वापरताही येत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने त्याचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून देता येतात, आणि यादवाड-लोकापूर पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत.

आपले,
पंप, पॅनेल आणि फायबरच्या कामातील काही वाचक
उद्यमबाग, बेळगाव