ताब्याच्या किल्लीबरोबर पाइपांचा नकाशाही द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तुविषयक पुरवणीत नव्या घराच्या रंगसंगतीपासून मॉड्युलर किचनपर्यंत सगळ्यावर लेख येतात, पण घरातला आवाज कुठून निघून कुठे जाणार याचा विचार त्यांत क्वचितच आढळतो. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर नोंदवून, पुढे दिवाणखान्यात होम थिएटर आणि बाकीच्या खोल्यांत गाणी ऐकण्याची सोय करावी असे ज्यांच्या मनात आहे अशा ठाणे-नवी मुंबईतील वाचकांसाठी, आणि त्याहून अधिक, या इमारतींचे विजेचे आराखडे काढणाऱ्यांसाठी हे पत्र आहे. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या केबली जोडण्यात गेली. तरी स्वतःच्या घरात तार कुठून न्यायची हा प्रश्न मला ताबा मिळाल्यावर सुचला, हे आधीच कबूल करतो.

नौपाड्यातील आमच्या जुन्या घराच्या भिंती विटांच्या होत्या. तिथे नवी तार टाकायची म्हणजे वायरमनने छिन्नी-हातोडीने झिरी मारायची, पाइप बसवायचा आणि वरून गिलावा करायचा. दोन दिवस धूळ खाल्ली की काम संपले. घोडबंदर रस्त्यावरील आमची नवी इमारत मात्र ‘मिवान’ पद्धतीची आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओतलेले. या पद्धतीत विजेचे पाइप आणि बोर्डांचे डबे काँक्रीट पडण्यापूर्वी सळयांना बांधून ठेवावे लागतात. नंतर त्या भिंतीला झिरी मारणे म्हणजे इमारतीचा भार पेलणाऱ्या भागालाच चिरणे होय. सोसायटी ते करू देत नाही आणि ते योग्यच आहे. आमच्या टीव्हीच्या भिंतीवर एक प्लग, केबलचा एक पॉइंट आणि त्यामागे २५ मिलिमीटरचा एकच रिकामा पाइप, एवढीच काय ती तरतूद होती.

त्या पाइपातून एचडीएमआय केबल (टीव्हीला चित्र आणि आवाज दोन्ही पुरवणारी) ओढायला घेतली तो प्रसंग विसरता येत नाही. वायरमनने आधी नायलॉनची दोरी पार केली, केबलच्या पिनेला चिकटपट्टी गुंडाळली, टाल्कम पावडर चोळली आणि खालून माझा मुलगा दोरी ओढू लागला. पिनेचे प्लास्टिक धरून तिची रुंदी सुमारे दोन सेंटिमीटर भरते, त्यामुळे सरळ भागात ती कशीबशी सरकली. बेंडवर मात्र तिला वळायला जागाच नव्हती. तिथे ती अशी बसली की ना पुढे जाई, ना मागे. शेवटी जोर लावला तेव्हा केबल हातात आली आणि पिन आत राहिली. ती आजही तिथेच आहे, आणि होता तो एकमेव पाइपही निकामी झाला आहे.

यावरून जे शिकलो ते सांगतो. टीव्हीच्या मागून खालच्या कपाटापर्यंत जाणारा पाइप, स्ट्रक्चरल सल्लागाराची संमती घेऊन, निदान ४० मिलिमीटरचा असावा आणि त्यात काटकोनी वळणे नसावीत. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट, चित्र चार-पाच मीटरपर्यंत भरवशाने जाते. प्रोजेक्टर छताला, म्हणजे त्याहून लांब लावायचा असेल तर ऑप्टिकल फायबरची केबल घ्यावी लागते, आणि ती उद्या बदलायची वेळ येणारच हे गृहीत धरून पाइपात दोरी कायम ठेवावी. स्पीकरच्या तारा वेगळ्या पाइपातून न्याव्यात. २३० व्होल्टच्या तारांबरोबर त्या एकाच पाइपात घालणे धोक्याचे आहेच, शिवाय स्पीकरमध्ये घरघर येण्याचाही संभव असतो. दोहोंत फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडावे. आठ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकरला चाळीस फुटांपर्यंत १६ गेजची शुद्ध तांब्याची तार पुरते, पुढे १४ गेजची, म्हणजे अधिक जाड, घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण भिंतीत कायमची गाडायला ती घेऊ नये.

स्पीकर कुठे लागतात हे ठाऊक असल्याशिवाय पाइप कुठे हवेत हे कळत नाही. ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचे आवाज काढणारा एक सबवूफर. सोफ्यावर बसणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून डावा आणि उजवा स्पीकर प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर, मधला टीव्हीच्या अगदी जवळ, आणि बाजूचे दोन ९० ते ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे, असावे लागतात. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, तेव्हा काटकसर करायचीच तर त्यात करू नये. गडकरी रंगायतनमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या आमच्यासारख्यांना शब्द ऐकू आले नाहीत तर बाकीच्या गडगडाटाचे काय करायचे? खरी अडचण बाजूच्या स्पीकरांची असते. आपल्याकडच्या बहुतेक दिवाणखान्यांत सोफ्याच्या एका अंगाला बाल्कनीचे सरकते काचेचे दार आणि दुसऱ्या अंगाला पॅसेजची मोकळी जागा असते, म्हणजे स्पीकर टांगायला भिंतच नसते. तिथे तार छतातून किंवा जमिनीखालूनच आणावी लागते, आणि त्यासाठीचा पाइप स्लॅब पडण्याआधीच ठेवावा लागतो.

ताबा घेतल्यावर रिकाम्या दिवाणखान्यात मी एक टाळी वाजवली. उत्तर म्हणून कपडा फाटावा तसा ‘टर्र’ असा आवाज आला. व्हिट्रिफाइड टाइल्स, काच आणि गुळगुळीत काँक्रीट या तिन्हींतले काहीच आवाज शोषून घेत नाही, समोरासमोरच्या भिंती तो एकमेकींकडे परतवत राहतात. जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा आणि पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट यांनी तो दोष पुष्कळ गेला, त्याला हजारोंचा खर्च आला नाही. खर्जाचे गणित मात्र पडद्यांनी सुटत नाही. ११ फूट रुंद आणि १८ फूट लांब खोलीत साधारण ५१ आणि ३१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने असलेल्या खर्जाला, आवाज घुमतो; खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांचे घुमणे एकाच ठिकाणी येऊन आणखी वाईट होते. म्हणून ‘दहा बाय दहाच्या बेडरूमचे थिएटर करून देतो’ म्हणणाऱ्याला आधी या घुमण्याचे काय करणार ते विचारावे.

इतर खोल्यांतल्या संगीताची हौस माझी नव्हे, आईची. ती ८४ वर्षांची आहे आणि सकाळचे अभंग तिला ओट्याशी उभे राहून ऐकायचे असतात. ब्लूटूथचा डबा आणून दिला, तर त्याला जोडलेला मोबाइल दुसऱ्या खोलीत गेला की अभंग अर्ध्यावर तुटे. काँक्रीटच्या भिंतींतून वायफायचीही तीच गत. तेव्हा पॅसेजच्या फॉल्स सिलिंगमधून आणि दारांच्या चौकटींवरून पट्ट्या मारून चार खोल्यांत तारा नेल्या आणि स्वयंपाकघरात आईच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आवाजाचे गोल बटण बसवले. पहिल्याच गणेशोत्सवात आरतीच्या वेळी मुलाने चारही खोल्या एकदम चालू केल्या आणि ‘घालीन लोटांगण’ला पोचण्याआधीच ॲम्प्लिफायर तापून बंद पडला. आठ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की एकूण विरोध दोन ओहमवर उतरतो, आणि घरगुती ॲम्प्लिफायर बहुधा चार ओहमच्या खाली टिकत नाही, हे जन्मभर तारा जोडलेल्या माणसाने आधी सांगायला हवे होते. इम्पिडन्स, म्हणजे हा विरोध, जुळवणारा सिलेक्टर मध्ये बसवल्यावर तक्रार राहिली नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका संध्याकाळी मुलगा वर चित्रपट पाहत असताना मी मुद्दाम खालच्या मजल्यावर गेलो. संवादाचा एक शब्दही तिथे पोचत नव्हता, पण तिथल्या काकूंच्या काचेच्या कपाटातले कप किणकिणत होते. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते, तिला चार-सहा इंचांची भिंत काय अडवणार. त्यातून सबवूफर थेट लादीवर ठेवला की थरथर स्लॅबमधूनच चालते. आम्ही त्याखाली जाड रबराचे पॅड घातले, तो भिंतीच्या कोपऱ्यातून काढला आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवण्याचे ठरवले. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. पण हे मोजमाप कानाला आवाज जसा जाणवतो तशा ज्या ‘ए’ पट्टीने होते तिच्यात ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजाच धरले जातात, त्यामुळे यंत्रावर आकडा नियमात दिसतो आणि कप किणकिणतच राहतात. दहीहंडीच्या डीजेविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या आमच्या सोसायटीत या धाकट्या डीजेबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आता मागणे एवढेच. ग्राहकाला बांधकामाच्या जागी सहसा जाऊ देत नाहीत, आणि एकेका घरासाठी मिवानचा आराखडा बदलणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण याच पद्धतीत एका मजल्यासाठी काढलेला आराखडा तीस मजल्यांना लागू पडतो. त्यात टीव्हीच्या भिंतीत एक मोठा पाइप, तिथून सोफ्याच्या दोन्ही बाजूंना छतातून एकेक आणि पॅसेजमधून प्रत्येक खोलीत एकेक रिकामा पाइप एकदा दाखवला, तर सगळ्या घरांची सोय होते, आणि वाढीव खर्च पाइप, डबे व दोरी यांचाच. ही तरतूद करारनाम्यातील सोयींच्या यादीत लिहून घ्यावी. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला कारागिरीतील दोष प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो, आणि सिमेंट शिरून बुजलेला पाइप हा माझ्या मते तसाच दोष आहे. तसेच ताबा देताना पाइपांच्या मार्गांचा, जमिनीपासूनच्या व कोपऱ्यापासूनच्या मापांसह नकाशा द्यावा. तो आम्हाला मिळाला नाही, म्हणून पडद्याचा रॉड लावताना सुताराचे ड्रिल कुठे जाईल या धास्तीने आम्ही सगळे अजूनही मेन स्विच बंद करून उभे राहतो.

आपला नम्र,
एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे (प.)